मसाज कोणता, कोणाला आणि कोणाला नाही

वाचकाचे पत्र : आम्ही तासगाव तालुक्यात राहतो, आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. यंदाच्या विरळणीपासून यजमानांची (वय ४७) मान आणि उजवा खांदा आखडला आहे. मान वळवताना त्रास होतो आणि दुखणे कधीकधी कानशिलापर्यंत चढते. मिरजेत तपासणी झाली, एक्स-रे काढला आणि ‘स्नायूंचे दुखणे आहे, घाबरू नका’ असे डॉक्टरांनी सांगितले. गावातील सलूनमध्ये दाढी झाल्यावर ते मान कडकन मोडून घेतात. त्याने तेवढ्यापुरते बरे वाटते. सासूबाई (वय ७१) गुडघ्यांनी हैराण आहेत. त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, तळपाय बधिर झाले आहेत आणि हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी चालू आहे. बाजाराला गेल्या की त्या काशाच्या थाळीच्या मशीनवर पाय ठेवून येतात आणि तळव्यांखाली काळे निघाले की अंगातील उष्णता गेली असे म्हणतात. मुलगा (वय १९) सांगलीत तालमीत राहतो. तिथे मुले एकमेकांना रगडतात. तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या मांडीला मुका मार लागला, त्यावरही रोज जोरात मालिश चालू आहे. आता सांगलीत एक नवे मसाज केंद्र निघाले असून त्याच्या पाटीवर स्वीडिश, डीप टिश्यू, थाई, शियात्सू, रिफ्लेक्सॉलॉजी, लिम्फॅटिक ड्रेनेज आणि आयुर्वेदिक अभ्यंग अशी सात नावे आहेत. अर्ध्या तासाच्या दहा बैठकांचे पॅकेज घेतले तर घरातील तिघांनी ते वाटून घेतले तरी चालेल, असे ते म्हणतात. या प्रकारांत फरक काय आणि कोणी कोणता घ्यावा? ता. क. : रात्री माझ्या उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की थांबतात. मालिशने जाईल का?

उत्तर : भगिनी, सप्रेम नमस्कार.

पॅकेजचे पैसे भरण्याआधी तुम्ही पत्र लिहिले हे चांगले झाले, कारण तुमच्या घरातील तिघांची दुखणी तीन वेगवेगळ्या जातींची आहेत आणि एकच पॅकेज तिघांत वाटून घ्यावे असे त्यांत काहीही समान नाही. तुमच्या यजमानांना जाणत्या हाताची मालिश खरोखर उपयोगी पडेल. सासूबाईंना ती अगदी हलक्या हाताने, घरीच आणि काही पथ्ये सांभाळून द्यावी. मुलाच्या मांडीला यापुढे कोणी हात लावण्यापूर्वी ती डॉक्टरांना दाखवावी. ताजा कलम म्हणून तुम्ही जे घाईने लिहून टाकले आहे, त्याचा मालिशशी फारसा संबंध नाही. त्याकडे मी शेवटी येते.

आधी पाटीवरच्या नावांबद्दल. सांगली-मिरजेत बावीस वर्षे भौतिकोपचाराचे (फिजिओथेरपीचे) काम करताना मला असे दिसले आहे की लोक पद्धतीच्या नावावर जितका विचार करतात, तितका स्वतःच्या दुखण्याच्या जागेवर करत नाहीत. वास्तविक यांतील बरीच नावे ती पद्धत कोणत्या देशाची मानली जाते एवढेच सांगतात, आणि तेही प्रत्येक वेळी बरोबर असतेच असे नाही. ‘स्वीडिश’ हे नाव पेर हेन्रिक लिंग यांच्यामुळे चिकटले. त्यांनी १८१३ साली स्टॉकहोममध्ये व्यायामशिक्षणाची संस्था काढली होती. परंतु आज स्वीडिश म्हणून जे हात शिकवले जातात, त्यांची मांडणी आणि त्यांची फ्रेंच नावे यांचे श्रेय सहसा ॲमस्टरडॅमचे डॉक्टर योहान मेझगर यांना दिले जाते. आपली चंपी तर याहून दूर गेली. पाटण्याच्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्रायटन येथे ‘शॅम्पूइंग’ करून देणारे स्नानगृह चालवले, आणि अंग चांपण्यावरून निघालेला तो शब्द पुढे डोके धुण्याच्या बाटलीवर जाऊन बसला.

नाव बाजूला ठेवून हात पाहिला, तर जवळजवळ प्रत्येक पद्धतीत त्याच काही हालचाली दिसतात : लांब सरकवत चोळणे, कणीक तिंबावी तसे स्नायू मळणे, एका जागी बोट रोवून घासणे, थोपटणे, कंप देणे, नुसते दाबून धरणे आणि ताणणे. दाब किती, वेग किती, तेल आहे की नाही, आणि हात त्वचेपुरता थांबतो की खालच्या स्नायूपर्यंत उतरतो, यांवर एक पद्धत दुसरीहून वेगळी होते. मालिश दुखणे कमी कसे करते, याचा एक पटणारा खुलासा रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. स्पर्शाच्या आणि दाबाच्या संवेदना मज्जारज्जूशी पोहोचल्या की त्या वेदनेच्या संदेशांची वाट काही अंशी अडवतात, असे त्यांचे म्हणणे होते; ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो त्यामागे हेच असावे. त्याबरोबर श्वास संथ होतो, आवळून धरलेले स्नायू सैल पडतात आणि झोप बरी लागते. हा आराम खरा असतो, मात्र तो काही तासांचा किंवा दोन-तीन दिवसांचा असतो, आणि त्या सवलतीच्या काळात माणूस कोणता व्यायाम करतो यावर पुढचे अवलंबून राहते. मालिशने शरीरातील ‘विषारी द्रव्ये’ निघून जातात, असे जे सांगितले जाते, त्याला आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे आपले आपण करत असतात.

आता तुमचे यजमान. मांडवाखाली उभे राहून, मान वर करून आणि दोन्ही हात डोक्याच्या वर धरून दिवसभर घड विरळत राहिले, की मानेपासून खांद्यावर उतरणारा स्नायू आणि त्याच्या आतून मानेला खांद्याच्या फऱ्याशी जोडणारा स्नायू हे दोन्ही तासन्‌तास आखडलेल्या स्थितीत राहतात. विरळणीच्या हंगामात माझ्याकडे या एकाच तक्रारीचे इतके लोक येतात की चालत आलेल्या माणसाच्या मानेकडे पाहून बाग किती एकरांची असावी याचा अंदाज मी मनाशी बांधू लागते. या स्नायूंत बोटाला लागणाऱ्या दुखऱ्या गाठी तयार होतात. त्या दाबल्या की दुखणे तिथेच न राहता दुसरीकडे उमटते, आणि खांद्यावरच्या गाठीचे दुखणे मानेच्या कडेने चढून कानशिलात पोहोचणे हे त्याचे अगदी नेहमीचे उदाहरण आहे. अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर राहिलेल्या जॅनेट ट्रॅव्हेल यांनी अशा गाठींचे आणि त्यांच्या दूरच्या दुखण्यांचे नकाशे बारकाईने तयार केले. या गाठी नेमक्या कशाने होतात याबद्दल तज्ज्ञांत आजही वाद आहे, परंतु दाबाने त्यांचे दुखणे उतरते हा अनुभव सार्वत्रिक आहे.

म्हणून त्यांच्यासाठी पाटीवरचे सर्वांत जवळचे नाव ‘डीप टिश्यू’ हे आहे, आणि या नावाचा सर्वांत जास्त गैरसमजही आपल्याकडेच आहे. ‘जितके कळवळेल तितका गुण’ ही समजूत तालमीतून घराघरात गेली असावी. खरे पाहता खोल मालिश म्हणजे जोराची मालिश नव्हे. ती सावकाश केलेली मालिश असते. वरच्या थरांना सैल होण्यास वेळ देत हात हळूहळू आत उतरतो, आणि दाबणाऱ्याने घाई केली की स्नायू उलट आवळून घेतो. तुमच्या यजमानांना एक साधी खूण सांगा : दाब चालू असताना श्वास रोखला जात असेल किंवा मुठी वळत असतील, तर तो दाब जास्त आहे आणि तसे स्पष्ट म्हणावे. दुसऱ्या दिवशी अंग थोडे ठणकणे ठीक आहे, निळे-काळे डाग पडणे ठीक नाही. अतिरेकी रगडण्याने स्नायूंचे तंतू तुटून लघवी काळपट झाल्याची आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ती विरळ आहेत, पण नोंदलेली आहेत.

किती वेळ, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. जुन्या मानदुखीवर अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तासाभराची मालिश आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा घेणाऱ्यांना स्पष्ट फायदा झाला. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बैठका घेणारे मात्र मालिश न घेता थांबलेल्या लोकांपेक्षा फारसे पुढे गेले नाहीत. तुम्हाला देऊ केलेले पॅकेज अर्ध्या तासाचे आहे. तेव्हा दहा अर्धवट बैठकांपेक्षा चार आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, मान-खांदा-पाठ यांवर पूर्ण तास देणारा माणूस शोधावा. त्याबरोबर घरी जुना टेनिसचा चेंडू मोज्यात घालून तो भिंत आणि खांद्याचा फरा यांच्यामध्ये धरावा, दुखऱ्या जागी अर्धा ते एक मिनिट टेकून राहावे, आणि मग हनुवटी सरळ मागे घेऊन पाच सेकंद धरण्याचा व्यायाम दहा वेळा करावा. बागेत दर अर्ध्या तासाने हात खाली सोडून दोन मिनिटे उभे राहावे. शक्य तिथे स्टूल घेऊन घडाच्या उंचीला यावे, म्हणजे मान मागे टाकावी लागणार नाही. हे न करता केवळ मालिश घेत राहिल्यास पुढच्या फळछाटणीनंतर पत्र पुन्हा याच विषयाचे येईल. दुखणे हाताकडे उतरून बोटांत झिणझिण्या येऊ लागल्या, हातातली वस्तू सुटू लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर मात्र मालिश थांबवून पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

सलूनमधली ती ‘कडकन’ त्यांनी आजपासून बंद करावी. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो; सांध्यातील द्रवात वायूचा बुडबुडा होताना तो येतो. मानेच्या मणक्यांच्या भोकांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन रोहिण्या वर जातात, आणि मानेला अचानक दिलेल्या झटक्याने त्यांचे अस्तर फाटून पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. असे क्वचित होते, हे मला मान्य आहे. पण दोन मिनिटांच्या बऱ्या वाटण्यासाठी तेवढा धोका पत्करण्याचे कारण मला दिसत नाही. मान मोडून घेतल्यानंतर चक्कर, बोलताना अडखळणे, दोन-दोन दिसणे किंवा एका बाजूचा अशक्तपणा यांतले काहीही जाणवले, तर घरी न थांबता थेट मोठ्या रुग्णालयात न्यावे.

सासूबाईंच्या बाबतीत मी काशाच्या थाळीपासून सुरुवात करते, कारण या प्रश्नाची पत्रे मला वरचेवर येतात. तळपायाला तूप किंवा तेल लावून काशाच्या वाटीने घासणे ही आपल्या घरांतील जुनी आणि सुखावणारी रीत आहे. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट यानेही अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणे, नित्य करावा असे सांगताना डोके, कान आणि तळपाय यांवर विशेष भर दिला आहे. तळव्यांखाली येणारे काळे मात्र अंगातील उष्णता नव्हे. कासे हे तांबे आणि कथील यांचे मिश्रण आहे; त्यातील तांब्याचा तुपातील आम्लांशी आणि घामाशी संबंध आला आणि वर घर्षण झाले की काळसर-हिरवट थर तयार होतो. काशाचे भांडे तेल लावून फडक्याने खूप वेळ घासले तरी फडके काळे होते, आणि फडक्याला उष्णता झाली असे कोणी म्हणत नाही. ज्यांच्या पायांत पूर्ण संवेदना आहे त्यांनी हा आनंद खुशाल घ्यावा. परंतु सासूबाईंचे तळपाय मधुमेहाने बधिर झालेले आहेत. थाळी जास्त घासली, गरम झाली किंवा तिची कड लागली तरी त्यांना कळणार नाही, आणि अशा पायावरचा छोटा ओरखडा चिघळून बोट गमावण्यापर्यंत गोष्ट जाते. शिवाय बाजारातील त्या थाळीवर त्यांच्याआधी किती पाय ठेवले गेले असतील, याचाही विचार करावा. त्यांना मशीनचा मोह सोडवत नसेल तर घरी रोज संध्याकाळी तुम्ही किंवा नातवाने कोमट तेलाने, केवळ हाताने, पाच मिनिटे पाय चोळून द्यावेत आणि त्याच वेळी दोन्ही तळवे व बोटांच्या बेचक्या उजेडात नीट पाहाव्यात. बेचक्यांत तेल राहू देऊ नये. मालिशपेक्षा त्या पाहण्याचा उपयोग अधिक आहे, पण सासूबाईंना तसे सांगण्याची गरज नाही.

गुडघ्यांच्या संधिवातावर सौम्य स्वीडिश पद्धतीच्या मालिशचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवडे दर आठवड्याला तासभर मालिश घेणाऱ्यांचे दुखणे आणि ताठरपणा नुसता हलका स्पर्श घेणाऱ्यांपेक्षा कमी झाला. वर्ष संपताना मात्र इतर गटांपेक्षा त्यांना वेगळा फायदा उरलेला दिसला नाही. याचा अर्थ मी असा घेते की मालिशमुळे मिळालेल्या मोकळेपणात मांडीचे स्नायू बळकट केले तर पुढे काही शिल्लक राहील. खुर्चीत बसून एक पाय गुडघ्यात सरळ करावा, पाच सेकंद धरावा, हळू खाली आणावा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा, एवढे त्यांच्याकडून करून घ्या. हात फिरवायचा तो गुडघ्याच्या वाटीवर जोर देऊन नव्हे, तर मांडीच्या पुढच्या भागावर, तळव्याने, लांब आणि हलका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे त्यांच्या बाबतीत तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. खोल दाब, थाई पद्धतीची ओढाताण आणि कोपराने दाबणे पूर्णपणे वर्ज्य, कारण आत रक्त साकळू शकते आणि या वयात हाडेही ठिसूळ असू शकतात. दुसरे असे की उग्र वासाचे वेदनाशामक मलम रोज चोळू नये. त्यांतील पुष्कळांत मिथाइल सॅलिसिलेट असते, ते त्वचेतून शोषले जाते आणि वॉरफॅरिनचा परिणाम वाढवून रक्तस्रावाचा धोका निर्माण करते. ट्यूबवरील घटकांची यादी वाचावी. तिसरी गोष्ट पोटरीची आहे. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तिला हात लावू नये, कारण आत रक्ताची गुठळी असल्यास चोळण्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. शेकण्याची पिशवी बधिर तळपायांना कधीही लावू नये. गुडघ्याला शेक द्यायचाच असेल तर आधी तुमच्या मनगटावर पाहून, टॉवेलावरून, दहा मिनिटे द्यावा.

पाटीवरील ‘आयुर्वेदिक अभ्यंग’ म्हणजे कोमट औषधी तेल पुष्कळ प्रमाणात लावून एका लयीत, बहुधा दोघांनी दोन बाजूंनी, सर्वांगाला केलेले सौम्य मर्दन, आणि त्यानंतर वाफ. दिवाळीच्या पहाटे आपण करतो ती त्याची घरगुती आवृत्ती, आणि उटणे हे आयुर्वेदातील उद्वर्तनाचे रूप. थकवा, कोरडी त्वचा आणि उडालेली झोप यांना अभ्यंग चांगला. गुडघ्यांसाठी वैद्य निर्गुंडी, एरंड, रुई अशा पानांची पुरचुंडी तेलात गरम करून शेकतात. तिला पत्रपोट्टली म्हणतात, आणि तिने पुष्कळांना बरे वाटते. मात्र सासूबाईंच्या मधुमेहाची आणि गोळीची पूर्ण माहिती देऊन, पदवीधर वैद्याच्या देखरेखीखालीच ती घ्यावी. अजीर्ण झालेले असताना अभ्यंग करू नये असे वाग्भटानेच सांगून ठेवले आहे, पण ‘कोणाला करू नये’ अशी ओळ मी अद्याप कोणत्याही केंद्राच्या पाटीवर पाहिलेली नाही.

मुलाकडे येते. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणले, त्या जिल्ह्यातील तालमीला मालिश म्हणजे काय हे मी सांगावे असे नाही. जोर-बैठकांनंतर अंग ठणकते ते साधारण एक ते तीन दिवसांत सर्वाधिक असते, आणि मालिशने ते थोडे सुसह्य होते. मालिशमुळे लॅक्टिक ॲसिड निघून जाते असे त्याचे वस्ताद म्हणत असतील, तर ते तेवढे बरोबर नाही. मेहनत थांबल्यावर तासाभराच्या आतबाहेर ते आपोआप कमी झालेले असते. कुस्तीपूर्वी दहा मिनिटे हलकी, चपळ मालिश करावी आणि खोल रगडणे मेहनतीनंतरच्या किंवा विश्रांतीच्या दिवसासाठी ठेवावे. तेलाची एकच वाटी आणि एकच पंचा सर्वांत फिरवू नये, कारण तालमीत गजकर्ण पसरतो तो याच वाटेने.

परंतु मुक्या मारावर मालिश, ही गोष्ट वेगळी आहे आणि तीच मला सर्वांत जास्त काळजीची वाटते. मांडीला जबर मार लागला की स्नायूच्या आत, हाडाजवळ रक्त साकळते. पहिले दोन-तीन दिवस बर्फ, दाबाची पट्टी आणि विश्रांती एवढेच करायचे असते. आंबेहळदीचा लेप लावला तरी बिघडत नाही. तो भाग रोज रगडला गेला, तर रक्तस्राव वाढतो आणि काही जणांत त्या साकळलेल्या जागी, स्नायूच्या आत, चक्क हाड तयार होऊ लागते. तीन आठवडे झालेले आहेत. आता त्याला पालथे निजवून दोन्ही टाचा पाळीपाळीने कुल्ल्याकडे नेऊन पाहा. दुखऱ्या बाजूचा गुडघा कमी वाकत असेल किंवा मांडीत बोटांना टणक गोळा लागत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून एक्स-रे काढावा. तोपर्यंत त्या मांडीला तेल नाही, शेक नाही आणि बैठकाही नाहीत. असे हाड बहुतेक वेळा विश्रांती आणि सावकाश व्यायाम यांनी काबूत येते, पण ते रगडण्याने कधीच विरघळत नाही. वस्तादांना हे पटवणे अवघड जाईल. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद मुलासोबत पाठवा.

उरलेल्या नावांचा निकाल थोडक्यात देते. थाई मालिश जमिनीवरील गादीवर, अंगावर सैल कपडे ठेवून, तेलाविना होते. दाबणे आणि योगासनांसारखे ताणणे हे तिचे वैशिष्ट्य असून २०१९ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. निरोगी, लवचीक शरीराला ती फार आवडते. शियात्सू ही जपानी पद्धत, शब्दाचा अर्थच बोटांचा दाब. तीही कपड्यांवरून होते आणि ताण हलका करण्यास बरी. रिफ्लेक्सॉलॉजीत तळपायाच्या अमुक भागाचा संबंध यकृताशी आणि तमुकचा मूत्रपिंडाशी जोडतात. हे नकाशे अमेरिकेत युनिस इंगहॅम यांनी १९३० च्या दशकात प्रचारात आणले. त्या संबंधांना पुरावा नाही, पाय चोळून घेण्याचे सुख मात्र मिळते. सासूबाईंसाठी तेही नको.

लिम्फॅटिक ड्रेनेजबद्दल थोडे अधिक लिहायला हवे. ही डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या दांपत्याने १९३० च्या दशकात विकसित केलेली, अत्यंत हलक्या स्पर्शाची पद्धत आहे. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर काखेतील गाठी काढल्यामुळे ज्यांचा हात सुजतो, त्यांना प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाच्या हातून, दाबाची पट्टी आणि व्यायाम यांच्या जोडीने, तिचा चांगला उपयोग होतो. ती वजन कमी करण्यासाठी म्हणून विकली जाते, तेव्हा विकत मिळते ते फक्त नाव.

केंद्रात जायचेच झाले तर आधी एक परीक्षा घ्या. आत गेल्यावर त्यांनी दुखणे, आजार, गोळ्या आणि जुन्या शस्त्रक्रिया यांविषयी विचारले नाही आणि थेट पॅकेजचे दर पुढे केले, तर परत फिरावे. काम करणाऱ्याचे शिक्षण विचारण्यात संकोच नको. भौतिकोपचारतज्ज्ञ असल्यास महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची, आणि वैद्य असल्यास महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेची नोंदणी असते. स्त्रियांसाठी स्त्री, अंगावर चादर, आणि नको म्हटल्याबरोबर थांबणारा हात, या गोष्टी न मागता मिळायला हव्यात.

आता तुमचा स्वतःचा हात. विरळणीच्या कात्रीने दिवसभर काम तुम्हीही केलेले असणार, हे तुम्ही लिहिले नसले तरी मला दिसते. रात्री मुंग्यांनी जाग येणे आणि हात झटकल्यावर त्या थांबणे, हे मनगटातील अरुंद बोगद्यात मज्जातंतू दबल्याचे नेहमीचे लक्षण आहे. आज रात्री जाग आली की मुंग्या कोणत्या बोटांत आहेत ते पाहा. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्यातच असतील तर हाच त्रास समजावा. करंगळीत असतील तर तंतू बहुधा कोपराशी दबतो आहे. मालिशने हा बोगदा रुंद होत नाही, आणि मनगटावर जोराने चोळल्यास तंतू उलट अधिक चिडतो. औषधांच्या दुकानात मनगट सरळ ठेवणारी, आत पट्टी असलेली स्प्लिंट मिळते. ती सहा आठवडे रोज रात्री बांधून झोपा आणि मधुमेह व थायरॉइड यांची रक्ततपासणी करून घ्या. कात्रीची मूठ जाड कापड गुंडाळून भरदार करा आणि तासाभराने हात बदला किंवा काम बदला. सहा आठवड्यांत फरक पडला नाही, तर मज्जातंतूंची तपासणी करावी लागेल. दोन्ही तळहात शेजारी धरून अंगठ्यांच्या बुडाचे मांसल उंचवटेही एकदा पाहा. उजवा डाव्यापेक्षा चपटा दिसला, किंवा ब्लाउजचे हुक लावताना बोटे अडखळू लागली, तर सहा आठवडेही थांबू नका. यजमानांची मान आणि मुलाची मांडी दाखवायला जाल, त्याच फेरीत स्वतःचा हात दाखवून या.